‘अक्का, गेल्या वर्षीचं एखादं आहे काय?’ : प्रोजेक्ट स्वतःचं कसं लिहायचं

बेळगावच्या टिळकवाडीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, त्याला बावीस वर्षं झाली. परीक्षा जवळ आल्या की काउंटरला पोरं चिकटतात. बहुतेक राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजांची, काही तवंदी घाट उतरून कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात शिकणारी. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, बी.एड., सगळ्यांचं शेवटचं स्टेशन आम्हीच. पेन ड्राइव्ह देतात, स्पायरलचा रंग सांगतात, आणि दहातला एक काउंटरवर वाकून हळूच विचारतोच, “अक्का, गेल्या वर्षीचं एखादं आहे काय? तेवढं नाव बदलून दे की.”

मी एकदा दिलं होतं. दुकान नवं होतं. खानापूरकडचा पोरगा, वडील दवाखान्यात, हातात दोन दिवस. माझ्या कॉम्प्युटरवर खानापूरच्या कुंभारकामावरचं जुनं प्रोजेक्ट होतं. नाव बदललं, कॉलेज बदललं, साल बदललं. ऋणनिर्देशाचं पान तेवढं नजरेतनं सुटलं. त्यात आधीच्या पोरानं लिहिलं होतं, ‘चाकावर बसून मला माहिती देणारे माझे मामा यांचा मी ऋणी आहे.’ तोंडी परीक्षेत सरांनी सहज विचारलं, “मामा कुठल्या गावचे रे तुझे?” ह्याचे मामा हुबळीत बस चालवायचे. प्रोजेक्ट बाद झालं, पुढच्या सत्रात सगळं परत करावं लागलं. तो माझ्याशी भांडायला आला नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून बाइंडिंग झालं की पंधरा दिवसांत फाइल पुसून टाकते, आणि तसा बोर्डही लावलाय.

मी काही प्राध्यापक नव्हे. आमच्या वेळी इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती, तिथली माझी साधी बी.ए. आहे. खरं दुसऱ्यांची हजारो पानं टाइप केल्यावर जे कळतं, ते वर्गात बसून कळत नाही. तेच इथं लिहिते.

कीबोर्डवरनं काय दिसतं

उचललेलं पान मला वाचावं लागत नाही, नुसतं बघून कळतं. पीडीएफमधनं कॉपी केलेलं मराठी तुटतं : ‘प्रक्रि या’, ‘सं ख्या’, वेलांटी एकीकडं, अक्षर दुसरीकडं. विकिपीडियावरनं घेतलं असेल तर मथळ्यापुढं ‘[संपादन]’ तसंच राहतं आणि वाक्याच्या शेपटीला चौकटी कंसातला आकडा लोंबकळतो. बातमीवरनं घेतलं की परिच्छेदाच्या मधोमध ‘हेही वाचा’ येतं. हे मी एका प्रबंधिकेच्या तिसऱ्या प्रकरणात पाहिलंय, ठळक अक्षरात.

‘नुकत्याच झालेल्या २०११ च्या जनगणनेनुसार’ हे वाक्य मी २०२३ साली टाइप केलं.

आणि आपल्या गावाचं नाव! एका पानावर बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी (सरकारी कागदावर हे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून आलं), आणि तिसऱ्यावर ‘बेलगाम’. म्हणजे तीन पानं तीन ठिकाणची, आणि तिसरं हिंदीतनं मशीननं मराठीत उतरवलेलं. मराठीत बेलगाम म्हणजे लगाम नसलेला. मला दहा सेकंदांत दिसतं ते गाईडला दिसत नसेल, असं समजू नका. ते बोलत नाहीत, एवढंच.

दोन पेनं आणि एक शिसपेन

माझं मत विचाराल तर निम्म्याच्या वर पोरं चोर नसतात, त्यांचा हिशोब हरवलेला असतो. जानेवारीत वाचलेलं वाक्य एप्रिलमध्ये वहीत सापडतं, आणि ते आपलं की पुस्तकातलं हे खुद्द त्यालाच आठवत नाही. म्हणून हिशोब पहिल्या दिवसापासून ठेवायचा.

शंभर पानी वही घ्या. पुस्तक उघडलं की वाचायच्या आधी पानाच्या माथ्यावर लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशन, गाव, साल लिहा. मग पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर लाल शाईनं, अवतरणचिन्हात, शेजारी पान नंबर. पुस्तकातला विचार आपल्या शब्दांत उतरवला तर निळ्या शाईनं, त्यालाही पान नंबर. आणि वाचता वाचता स्वतःच्या डोक्यात जे आलं ते शिसपेननं. लिहायला बसाल तेव्हा लाल जे आहे ते अवतरणातच जाणार, निळ्याला तळटीप लागणार, शिसपेन तुमचं. वहीत शिसपेन कुठंच दिसत नसेल, तर अजून लिहायला बसू नका.

सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, जुनी पुस्तकं अशा ठिकाणीच सापडतात. जे पुस्तक घरी नेता येत नाही, त्याच्या पानाचा परवानगीनं मोबाइलवर फोटो घ्या, खरं त्याआधी आतल्या शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचा घ्या, जिथं साल आणि प्रकाशक असतो. एक पोरगी नुसत्या पानांचे साठ फोटो घेऊन आली होती. “अक्का, पुस्तकाचं नाव बघायला विसरलो की.” (आमच्याकडं पोरीही आलो-गेलोच म्हणतात.) त्या साठ फोटोंतला एकही तिला वापरता आला नाही. वेबसाइट असेल तर पत्ता आणि पाहिल्याची तारीख दोन्ही लिहा. आज आहे ते पान उद्या असेलच असं नाही.

साडी तीच, फॉल-पिको नवीन

आता सगळ्यात जास्त घोटाळा जिथं होतो तिथं येऊ. ‘आपल्या शब्दांत लिहा’ म्हणून सर सांगतात, आणि पोरं शब्द बदलतात. समजा पुस्तकात असं वाक्य आहे (नमुन्यासाठी मीच रचलंय) :

“निपाणी परिसरातील जमीन व हवामान तंबाखूस अनुकूल असल्याने येथे तंबाखूची मोठी बाजारपेठ विकसित झाली आणि तिच्या आधारे विडी वळण्याच्या व्यवसायात हजारो स्त्रियांना घरबसल्या रोजगार उपलब्ध झाला.”

पोरगा लिहून आणतो :

“निपाणी भागातली माती आणि हवा तंबाखूला पोषक असल्यामुळे तिथं तंबाखूचा मोठा बाजार तयार झाला आणि त्याच्या जोरावर विडी वळण्याच्या धंद्यात हजारो महिलांना घरी बसून काम मिळालं.”

बरेच शब्द बदलले, मेहनत केली, तरी ही उचलेगिरीच. वाक्याचा सांगाडा तोच, क्रम तोच, आणि खाली लेखकाचं नाव नाही. शहापूरची साडी घेऊन फॉल-पिको करून आणली म्हणून ती आपण विणली होत नाही.

मग करायचं कसं? परिच्छेद दोनदा वाचा. पुस्तक मिटा. उठून चहा करा. मग शेजारच्या मावशींना सांगतोय असं समजून तोंडानं सांगा, आणि जे सांगितलं ते लिहा. नंतरच पुस्तक उघडून आकडे, नावं ताडून बघा. एका पोरीनं याच विषयावरचं पुस्तक वाचून शेवटी असं लिहिलं :

“विडीकामाला लेखक ‘घरबसल्या रोजगार’ म्हणतात. माझी आत्या निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं आणि तंबाखू. मजुरी हजारावर मिळायची, म्हणून हजार पुऱ्या होईपर्यंत ती उठायची नाही, आणि उठली की थेट चुलीपुढं. घरी होती हे खरं, पण बसलेली मी तिला पाहिली नाही.”

लेखकाचे दोन शब्द अवतरणात, तळटिपेत त्यांचं आडनाव, साल, पान. बाकी तिचं. त्यात तिनं लेखकाशी थोडं भांडणही केलंय, आणि असं भांडता येतं ते त्यांचं नाव घेतल्यामुळंच. नाव न घेता भांडणार कुणाशी?

प्रत्येक वाक्याला तळटीप लावायची गरज नाही. १९५६ ला भाषावार राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याला संदर्भ मागितला तर सरांनाच हसू येईल. खरं सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्यावीत असं १९६७ च्या अहवालात सुचवलं, हे लिहिलं की आकडा कुठनं घेतला ते सांगावंच लागतं. सीमाप्रश्नावरच्या प्रत्येक प्रोजेक्टात ‘८६५ गावं’ येतात. ती मागणी आहे, आयोगाची शिफारस नव्हे. मागणी कुणाची, कुठल्या कागदावर, हे लिहिलं नाही तर तो आकडा नुसता लोंबकळत राहतो.

आणखी एक खोड. एका लेखकानं दुसऱ्या जुन्या पुस्तकातलं वाक्य दिलेलं असतं, पोरं सरळ त्या जुन्या पुस्तकाचं नाव संदर्भसूचीत टाकतात. पुस्तक हातातही घेतलेलं नसतं. तिथं ‘अमुक यांनी उद्धृत केलेले’ असं लिहायचं आणि जे पुस्तक खरोखर वाचलं त्याचं पान द्यायचं. संदर्भसूचीत चाळीस पुस्तकं आणि वाचलेली तीन, अशी यादी टाइप करताना माझीच बोटं लाजतात. तळटिपेत एकाच पुस्तकाचा लागोपाठ उल्लेख असेल तर ‘तत्रैव’ चालतं, खरं मध्ये दुसरं पुस्तक आलं आणि खाली ‘तत्रैव’ तसंच राहिलं, तर भलत्याच लेखकाच्या गळ्यात वाक्य पडतं. परिच्छेद इकडंतिकडं हलवलेत की ‘तत्रैव’ परत तपासा.

कन्नडमधनं आणलेला माल

ही आपल्या भागाची खास गोष्ट, पुण्या-मुंबईच्या पोरांना हा मोह नाही. इथल्या पोरांना तीन भाषा वाचता येतात. चिकोडीचा एक पोरगा मराठीच्या प्रोजेक्टसाठी आख्खं प्रकरण कन्नड लेखावरनं घेऊन आला होता. वाक्यावाक्याला कन्नड वळणाचं ‘असं म्हणून सांगितलेलं आहे’, ‘असं म्हणून मानतात’. (आपण सगळेच तसं बोलतो, खरं प्रबंधिकेत इतक्या वेळा कोण लिहील?) मी विचारलं, तर म्हणाला, “अक्का, भाषांतर मीच केलोय. रात्री दोन वाजेपर्यंत बसून. मग माझंच नव्हे काय?”

मी म्हटलं, गोव्याहून बाटली आणली, कणकुंबीचा नाका चुकवला, तरी ती गोव्याचीच. नाक्यावर सापडली नाही म्हणून ती बेळगावात गाळली असं होतं काय?

भाषांतराची मेहनत तुमची, त्याचं श्रेय घ्याच. विचार, मांडणी, पुरावे मूळ लेखकाचे, त्याचं श्रेय त्याला द्या. करायला अगदी सोपं आहे : तळटिपेत लेखक, लेखाचं कन्नड नाव देवनागरीत, त्याचा मराठी अर्थ, साल, पान आणि शेवटी ‘मूळ कन्नड, अनुवाद माझा’. लेखाचा सारांशच दिला असेल तर ‘अमुक यांच्या कन्नड लेखाच्या आधारे’ असं परिच्छेदाच्या सुरुवातीलाच सांगून टाका. इंग्रजी आणि हिंदीलाही हाच नियम.

बऱ्याच वेळा पोरं चोरी करावी म्हणून कन्नड संदर्भ लपवत नाहीत. मराठीच्या प्रोजेक्टात कन्नड पुस्तकाचं नाव कसं घालायचं, सर काय म्हणतील, घरी काय म्हणतील, असा एक संकोच असतो. तो मला कळतो, मी याच गावात वाढले. खरं उलटं बघा. कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या विद्यार्थ्याला जे वाचताच येत नाही, ते तुम्ही मूळातनं वाचलंत. संदर्भसूचीत ‘कन्नड ग्रंथ’ असा वेगळा मथळा करा. चिकोडीच्या त्या पोराला मी तसं करून दिलं, आणि तोंडी परीक्षेत सरांनी पंधरा मिनिटं फक्त त्याच यादीवर विचारलं. दोन वाजेपर्यंतची जागरणं तिथं कामाला आली.

आजीच्या ओव्यांनाही मालक असतो. लोकगीतांवर प्रोजेक्ट करणारी पोरं गावात जातात, म्हाताऱ्यांकडनं जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून आणतात आणि वर लिहितात ‘संकलन : मी स्वतः’. गाणाऱ्या बाईचं नाव नाही. तिला विचारून नाव, गाव, अंदाजे वय आणि रेकॉर्ड केल्याची तारीख लिहा. नाव नको म्हणाली तर नुसतं गाव आणि वय. तिनं ओवीत कन्नड शब्द घातला असेल तर तो तसाच ठेवा, मराठी करून ‘शुद्ध’ करू नका.

दहा टक्के चालतं?

“दहा टक्क्यांपर्यंत चालतं अक्का,” हे वाक्य मी रोज ऐकते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे उचलेगिरीबद्दलचे २०१८ चे नियम आहेत, त्यातनं हा आकडा आला. दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. अवतरणं योग्य संदर्भासह दिली असतील तर ती, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे या मोजणीत धरत नाहीत.

खरं हे प्रबंधाला, प्रबंधिकेला, शोधनिबंधाला. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध, उत्तरपत्रिका यांना त्या नियमांतनं स्पष्ट वगळलेलं आहे. म्हणजे तुमच्या बी.ए.च्या असाइनमेंटला दहा टक्क्यांची सूट मिळाली असं नव्हे. तिथं कॉलेजचा नियम आणि सरांचा शब्द चालतो, आणि सर म्हणाले एक ओळही नको, तर एक ओळही नको.

टक्का म्हणजे साम्य, चोरी नव्हे, हेही लक्षात ठेवा. कायद्याचं कलम जसंच्या तसं दिलं तर मशीन टक्का वाढवून दाखवेल, खरं नियमांत कायद्याचा मजकूर मोजत नाहीत आणि तुम्ही निर्दोष असाल. चिकोडीच्या पोरासारखं कन्नडमधलं उतरवलं तर टक्का शून्यही येईल आणि तुम्ही दोषी असाल.

टक्का उतरवायचे उद्योग घेऊन पोरं माझ्याकडं येतात. कुणी म्हणतं, शब्दांच्या मध्ये पांढऱ्या रंगात अक्षरं घाल. कुणी म्हणतं, युनिकोड नको, जुन्या श्रीलिपी फॉन्टात टाइप कर, साम्य मोजणाऱ्या मशीनला वाचता येणार नाही. मी करत नाही. पांढरी अक्षरं फाइल सिलेक्ट केली की भुतासारखी उभी राहतात, आणि श्रीलिपीची फाइल कॉलेज परत पाठवतं. चूक म्हणून सुटलं असतं ते यानं मुद्दाम केलेलं ठरतं.

मोबाइलमधला शहाणा

चॅटजीपीटीचं मराठी मला लगेच ओळखू येतं. शुद्धलेखन नीट, आणि पानभर वाचून झाल्यावर हातात काही लागत नाही. कुठलं गाव, कुठली गल्ली, कोण म्हणालं, काही नाही. त्याहून वाईट म्हणजे ते नसलेली पुस्तकं सांगतं. एका पोरीच्या यादीत पाच पुस्तकं होती. लेखक ओळखीचे, नावं झकास. वाचनालयात शोधायला गेली तर त्यातली तीन कुणी लिहिलेलीच नव्हती.

वापरायचं की नाही हे आधी सरांना विचारा, मला नको. सर हो म्हणाले तर शब्दाचा अर्थ विचारायला, एखादी इंग्रजी ओळ समजून घ्यायला वापरा, आणि कशासाठी वापरलं ते प्रस्तावनेत एका ओळीत लिहा. त्यानं सांगितलेलं पुस्तक हातात घेऊन पान उघडल्याशिवाय यादीत घालू नका.

मित्रांचंही थोडक्यात सांगते. चौघं मिळून येळ्ळूरला जाऊन मुलाखती घेतल्यात, माहिती चौघांची. तसं चौघांनीही लिहा. खरं लिहायला चौघं चार ठिकाणी बसा. आणि गेल्या सत्रात मार्क मिळालेला स्वतःचाच निबंध या सत्रात परत द्यायचा असेल, तर सरांना सांगून द्या. आपलंच आहे की, म्हणून गुपचूप दिलेलंही पकडतात.

बाइंडिंगच्या आदल्या दिवशी

तळटिपा आणि संदर्भसूची समोरासमोर ठेवून टिक करत जा. इकडं आहे ते तिकडं पाहिजे. मग कुठलंही पान उघडा आणि घरातल्या कुणाला तरी त्यातला एक परिच्छेद न बघता समजावून सांगा. जिथं अडाल तो परिच्छेद तुमचा नाही. ऋणनिर्देशाचं पान दोनदा वाचा. का ते वर सांगितलंच आहे.

आणि उचललेलं आधीच आत गेलं असेल, रात्र एकच राहिली असेल तर? कापा. सरांना सकाळी जाऊन सांगा की एवढंच माझं आहे, आठ दिवस मिळतील काय. नाही मिळाले तर कमी पानांचं द्या. गेल्या मेमध्ये नंदगडची एक पोरगी माझ्या स्टुलावर बसून, माझंच लाल पेन घेऊन, प्रिंटवर फुल्या मारत होती. दुकान बंद करायची वेळ झाली तरी उठली नाही. चाळीस पानं घेऊन आली होती.

“सव्वीसच उरली की अक्का.”

मी बारीक स्पायरल काढली. त्याचे दहा रुपये कमी होतात.